दुसरी चावी घेऊन गेलेली बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे बँकेचे विभागीय अधिकारी, शाखेचे मॅनेजरसाहेब, हारामागून ज्यांचा आता फक्त चष्मा तेवढा दिसतो आहे त्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी थोरली बहीण, पहिल्या रांगेत अकारण घाम पुसत बसलेले माझे मेहुणे, शाखेतली सर्व लहानथोर मंडळी, आणि लॉकर उघडायला येऊन दोन-दोन तास ताईची वाट बघण्याचा ज्यांना दीर्घ अनुभव आहे असे खातेदार बंधुभगिनींनो,

मी वार्ताहर आहे. दुसऱ्यांच्या तासभर चाललेल्या भाषणांची चार ओळींत वासलात लावणं हा माझा चरितार्थ. त्यामुळे मला स्वतःला बोलायला उभं करणं यात आयोजकांचा काहीतरी जुना राग असावा असा मला संशय आहे. पण निमंत्रण देताना मॅनेजरसाहेब म्हणाले, “तुम्ही मॅडमच्या परदेशवारीवर बोला. आम्हाला त्यातलं अर्धंच माहीत आहे, आणि तेवढ्यानंच आमची झोप उडाली होती.” साहेब, उरलेलं अर्धं आज सांगतो. झोपेची जबाबदारी आपली.

ताईला ओळखणाऱ्यांना मी काय सांगायचं? तरी नव्याने रुजू झालेल्यांसाठी सांगतो. ताईनं आयुष्यभर या शाखेची स्ट्राँगरूम सांभाळली. स्ट्राँगरूमला दोन कुलपं, दोन चाव्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एका माणसाच्या हातात दोन्ही चाव्या कधीही, म्हणजे कधीही, येता कामा नयेत. एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं. मी लहानपणी संस्कृत शिकलो. त्या भाषेत एकवचन आहे, बहुवचन आहे आणि मध्ये द्विवचनही आहे. बाकी भाषांनी ते अडगळ म्हणून टाकून दिलं. माझी अशी पक्की समजूत आहे की ते टाकलेलं द्विवचन ताईच्या बँकेनं उचलून आणलं आणि ताईनं ते घरी नेलं. आमच्या घरी गॅस बंद केला आहे की नाही हे नेहमी दोघांनी बघायचं असतं. मेहुणे, खोटं बोलत असेन तर मान हलवू नका.

आता अशी ही बाई निवृत्तीच्या तोंडावर साठलेली रजा काढून एक दिवस म्हणाली, “पंडित, मी आशिया बघायला चालले.” पंडित म्हणजे मी. लहानपणी शब्दरूपं पाठ करायचो, त्याचा सूड ती अजून घेते आहे.

मी विचारलं, “कुणाबरोबर?”

“एकटी.”

मंडळी, मी मंत्रिमंडळं कोसळताना पाहिली आहेत. पूर पाहिले आहेत. पण एवढा हबकलो नव्हतो. मेहुण्यांकडे पाहिलं, तर ते भिंतीकडे पाहत होते. त्यांना गाडी लागते. बस लागते, रेल्वे लागते, एकदा सरकत्या जिन्यावरही लागली होती. त्यामुळे त्यांच्या येण्याचा प्रश्नच नव्हता. ते एवढंच म्हणाले, “तिला सांग, रोज फोन कर.” समोर बसलेल्या बायकोला हे मी सांगायचं होतं. यावरून घरातल्या वातावरणाची कल्पना यावी.

ताई गेली. आणि मग सुरू झाले तिचे फोन.

तुम्हाला वाटेल, एकटी गेली म्हणजे एकटी राहिली. छे! खोलीला कुलूप लावलं की शेजारच्या खोलीचं दार ठोठावायचं आणि आत जो कोणी असेल त्याला बाहेर बोलावून कुलूप ओढून बघायला लावायचं. एका गावी एक गृहस्थ अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, अशा अवस्थेत बाहेर आले, त्यांनी गंभीरपणे कुलूप ओढलं, मान डोलावली आणि उरलेली अर्धी दाढी करायला आत गेले. दुसऱ्या एका गावी बस बरोबर आहे ना, याची खात्री करायला तिनं थांब्याजवळच्या दुकानातून एका म्हाताऱ्या घड्याळजीला बाहेर काढलं. त्यानं पाटी वाचली. पण त्यालाही शंका आली. मग तो डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच ठेवून तिच्याबरोबर बसमध्ये चढला, पुढच्या गावापर्यंत आला, गाव बरोबर असल्याचं बघितलं आणि उलट्या बसनं परत गेला. मला हे ऐकून धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी विचारलं, “ताई, कोणीच कसं नाही म्हणत नाही तुला?” ती म्हणाली, “मला पण तेच कळत नाही. तिथे शाखेत एक सही मागितली तर लोक जेवायला निघून जातात.”

हे हसणं शाखेच्या कोणत्या टेबलावरून आलं हे मी बघितलेलं नाही.

असो. मूळ गोष्टीकडे वळतो. प्रवासाच्या शेवटी ताई एका लहानशा बंदराच्या गावी पोचली. समोर समुद्र, समुद्रात एक बेट, बेटावर बंद पडलेलं दीपगृह. गावात एकच लॉज. लॉजच्या बोळात एक लोखंडी कपाट, प्रवाशांनी पासपोर्ट वगैरे ठेवायला. त्याचा एकच खण रिकामा होता आणि त्याच वेळी तिथे आणखी एक एकटी बाई येऊन थडकली. परदेशी, ताईच्याच वयाची, ताईच्या दीडपट उंच. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेली. आपण तिला ट्रामवाली म्हणू. ताई तिला अजून तेच म्हणते. दोघींनी मिळून एक खण घ्यायचं ठरलं. दोघींचे पासपोर्ट आत.

लॉजवाल्यानं एक कुलूप पुढे केलं. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. मग तिनं पर्समधून स्वतःची दोन कुलपं काढली. प्रवासाला दोन कुलपं घेऊन कोण जातं, हे मला विचारू नका. कडीत दोन्ही बसली. एक चावी ताईकडे, एक ट्रामवालीकडे. दोघी असल्याशिवाय खण उघडणार नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ताईनं तिला हे सगळं समजावून सांगितलं. ट्रामवाली इतकी हसली की लॉजवाला घाबरून पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामवाली बेटावर निघाली. एक रात्र कोळ्यांच्या वस्तीत राहून परत येणार होती. ताईला ती चल म्हणाली. ताई पाण्याला भिते; बादलीशीसुद्धा जरा अंतर ठेवून वागते. ती नको म्हणाली. तेव्हा ट्रामवालीनं गळ्यातली चावी काढून पुढे केली. “ही तुझ्याकडेच ठेव. मी समुद्रात पाडली तर?”

आणि माझ्या बहिणीनं काय केलं? सभागृहातल्या बँकवाल्यांना विचारतो. तुम्ही काय केलं असतं? मी सांगतो, तुम्हीही तेच केलं असतं. बँकेबाहेरच्या जगातला कुठलाही शहाणा माणूस चावी घेऊन खिशात टाकेल. ताई म्हणाली, “दोन्ही चाव्या एका हातात? जमणार नाही.” ट्रामवालीनं खांदे उडवले, चावी पुन्हा गळ्यात अडकवली आणि ती बोटीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आली नाही. ताईचं परतीचं विमान आता उद्यावर आलं होतं. आणि पासपोर्ट दोन कुलपांच्या आत.

तिचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. मी ओरडलो, “अगं, तोड ना ते कुलूप! तुझंच कुलूप, तुझाच पासपोर्ट!”

“माझा एकटीचा नाही. तिचाही आत आहे. मी तोडून निघून गेले, तर तिची वस्तू कुणाच्या ताब्यात?”

“लॉजवाल्याच्या!”

“तो कोण?”

मेहुण्यांनी फोन माझ्या हातून ओढून घेतला. हो, ते धावत कचेरीत आले होते. रिक्षानं, आणि त्यांना रिक्षाही लागते. म्हणाले, “हे बघ, मी आयुष्यात तुला कधी कशाला नाही म्हटलं नाही. कुलूप तोड आणि परत ये.” त्यावर ताई म्हणाली, “आवाज कापतोय तुमचा. जेवलात का?”

मग शेवटचा उपाय म्हणून आम्ही मॅनेजरसाहेबांना फोन केला. साहेब, तुम्ही त्या दिवशी जे केलंत त्याला तोड नाही. तुम्ही ताईला फोन करून म्हणालात, “मॅडम, शाखाधिकारी या नात्यानं मी तुम्हाला कुलूप तोडण्याची परवानगी देतो.” आणि ताईनं तुम्हाला विचारलं, “साहेब, त्या खणावर तुमचा अधिकार काय?” यानंतर साहेबांनी मला जो फोन केला त्यातले शब्द या व्यासपीठाला शोभणारे नाहीत. पण भावना उत्कट होती.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. इथपर्यंत तुम्ही हसलाही आहात. आता पुढचं.

लॉजवाला हातात कटर घेऊन उभा होता. तो ताईला म्हणाला, “बाई, कशाला थांबता? ती काही येत नाही. एकट्यादुकट्या येणाऱ्या लोकांचं असंच असतं. मनात येईल तिकडे जातात. गेली असेल पुढे.”

ताई धक्क्यावर गेली. नावाडी म्हणाला, “ठरल्या वेळी मी आणायला गेलो होतो. बाई नव्हती. गेली असेल दुसऱ्या बोटीनं पुढे.” दुसऱ्या बोटीचा नावाडी म्हणाला, पहिल्याच्या बोटीनं गेली असेल. आणि मीही फोनवर तेच म्हणालो, “ताई, गेली असेल गं पुढे.”

तेव्हा ताई जे बोलली ते ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. अगदी शांतपणे म्हणाली. लॉकरची वेळ संपली हे खातेदाराला सांगते ना, त्या आवाजात.

“पंडित, पुढे कशी जाईल? तिचा पासपोर्ट माझ्या कुलपात आहे.”

मंडळी, मी इतकी वर्षं बातमीदारी केली. माणूस हरवल्याच्या बातम्या रोज लिहितो. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की त्या संपूर्ण गावात, किंबहुना संपूर्ण पृथ्वीवर, ती बाई हरवली आहे हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे. घरचे समजत होते, ती फिरते आहे. बेटावरचे समजत होते, गावात परतली. गावातले समजत होते, पुढच्या गावी गेली. एकट्या माणसाला हरवायला केवढीशी फट पुरते! प्रत्येकानं फक्त दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा, झालं.

“मी जाते बेटावर,” ताई म्हणाली.

“बोटीतून?”

“मग काय चालत?”

“आणि उद्याचं विमान?”

फोन बंद. मेहुणे माझ्या खुर्चीत मटकन बसले. अजून ती खुर्ची करकरते.

त्यापुढचं मला नंतर कळलं. थोडं ताईकडून, थोडं लॉजवाल्याकडून. कारण लॉजवाला तिच्याबरोबर होता. ताईनं त्याला सांगितलं, “शोध घ्यायचा तर दोघांनी घ्यायचा. एकानं बघायचं, दुसऱ्यानं पुन्हा बघायचं.” तो बिचारा कटर हातात तसंच घेऊन, सपातांसकट, कुरकुरत बोटीत बसला. ताईनं सगळा रस्ता डोळे मिटून आणि नावाड्याची बाही पकडून काढला. नावाड्याला एका हातानं बोट चालवावी लागली. मध्ये एकदा लॉजवाला म्हणाला, “बाई, डोळे उघडा, केवढा सुंदर समुद्र आहे.” ताई म्हणाली, “तुम्ही बघून घ्या आणि मला सांगा.”

बेटावर तिनं काय केलं? जे इथे रोज करायची तेच. दार दिसलं की हलवून बघायचं. कोळ्यांच्या वस्तीतलं प्रत्येक दार, जाळी ठेवायची प्रत्येक खोपटी. लोक हसायला लागले. नाही म्हणाले, इथे नाही ती, दीपगृहाकडे जाताना दिसली होती, मग परत गेली असेल. “परत येताना कुणी पाहिलं?” ताईनं विचारलं. लॉजवाल्यानं त्यांच्या भाषेत विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. हसणं थांबलं. एकेक करत सगळी वस्ती तिच्या मागे निघाली.

दीपगृह रिकामं होतं. वर जाऊन आले, नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. सगळे परत फिरले. लॉजवालासुद्धा म्हणाला, “बघितलं, झालं.” ताई म्हणाली, “तुम्ही बघितलंत. आता मी बघते.” ती जोत्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पूर्वी तेल साठवायची एक तळखोली होती, वर फळ्या टाकलेल्या. त्यातल्या दोन फळ्या नव्हत्या. आणि आतून आवाज येत होता. हाक नव्हे, घसा केव्हाच बसला होता. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज. दोन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा दोन. ट्राम सोडताना चालक घंटा देतो, तसे.

ती आत पडली होती. पाय तुळईखाली अडकलेला, गुडघ्याखाली मोडलेला, सुजून जांभळा. बाटलीतलं पाणी संपलेलं. फटीतून तिनं वर पाहिलं, तर वर माझ्या बहिणीचा चष्मा. कुजबुजल्यासारखी ट्रामवाली म्हणाली, “तू माझ्यासाठी आलीस, का चावीसाठी?”

ताई खोटं बोलत नाही. ही तिची मोठी अडचण आहे. म्हणाली, “चावीसाठी.”

ट्रामवाली हसायला लागली, आणि तेव्हा कळलं की तिची बरगडीही मोडली आहे.

लॉजवाल्याच्या कटरनं तुळईच्या लोखंडी पट्ट्या कापल्या. कोळ्यांनी तिला फळीवर घालून वर काढलं, बोटीतून गावात आणलं. परतीच्या वाटेवर ताईनं डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांत ट्रामवालीचं डोकं होतं, बाही धरायला हात उरला नव्हता.

धक्क्यावर दवाखान्याची गाडी उभी होती. परदेशी पेशंट, तेव्हा भरती करताना पासपोर्ट लागेल, असं गाडीवाला म्हणाला. धक्क्यावर उतरताच ताईनं फोन लावला होता, त्यामुळे आता मी पुन्हा फोनवर होतो; हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि माझ्या शेजारी बसलेल्या साक्षीदाराला, म्हणजे मेहुण्यांना, त्यानंतर लिंबूपाणी द्यावं लागलं. ताई म्हणाली, “दे ती चावी. मी पळत जाऊन आणते.”

मंडळी, ताईनं दुसरी चावी मागितली! सबंध नोकरीत जे केलं नाही, ते करायला तिनं हात पुढे केला. विभागीय अधिकारी इथे बसले आहेत, त्यांनी हे ऐकलं नाही असं मी धरून चालतो.

आणि त्या मोडलेल्या पायाच्या, मोडलेल्या बरगडीच्या, तापानं फणफणलेल्या बाईनं चावी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, “दोन्ही चाव्या एका हातात? जमणार नाही.”

गाडीवाला ओरडला. लॉजवाल्यानं कपाळावर हात मारला. मेहुणे माझ्याकडे बघून म्हणाले, “या बाईचं आणि हिचं गेल्या जन्मीचं नातं आहे.” शेवटी स्ट्रेचर लॉजच्या बोळात न्यावं लागलं. बोळ अरुंद, स्ट्रेचर तिरपं करावं लागलं. ट्रामवालीनं पडल्या-पडल्या हात वर करून आपलं कुलूप उघडलं. ताईनं आपलं उघडलं. दोघींनी एकमेकींचे पासपोर्ट बघून, बरोबर असल्याची खात्री करून, मग हातात घेतले. हे सगळं होईपर्यंत तो गाडीवाला देवाचं नाव घेत होता की आणखी कशाचं, हे लॉजवाल्यानं भाषांतर करून सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता. मग म्हणाले, नुसता पायच गेला असता असंही नाही.

ताईचं विमान चुकलं. ट्रामवालीची भाची येईपर्यंत ती दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे गप्पा अखंड चालत.

आता समारोपाकडे येतो. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं ते मी बघितलं आहे.

मघाशी मॅनेजरसाहेब भाषणात म्हणाले, “मॅडम, तुमच्यावाचून शाखेचं अडेल.” साहेब, हे वाक्य मी प्रत्येक निरोप समारंभात ऐकतो. खोटं असतं, प्रेमाचं असतं, आणि तसंच असावं. येत्या सोमवारी ताईची चावी दुसऱ्या कुणाकडे असेल, स्ट्राँगरूम वेळेवर उघडेल, आणि हे तुमच्याआधी ताईलाच माहीत आहे.

कारण काल ती मला म्हणाली, “पंडित, मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाते आहे.” मेहुणे, हे तुम्हाला घरी सांगायचं ठरलं होतं, क्षमा असावी. शेजारच्यांनी त्यांना जरा पाणी द्यावं. मी विचारलं, “कुणाबरोबर?” तर म्हणाली, “एकटी. एकटं फिरण्यासारखं सुख नाही रे. पण एक कळलं. आपण जिथे असू तिथे कुणाचं तरी आपल्यावाचून खरोखर अडलेलं असायला हवं. प्रेम असलं तर उत्तमच. पण नुसत्या प्रेमाच्या माणसांना वाटतं, मजेत असेल. ज्याचं अडलंय ना, तो शोधत येतो.”

मी बातमीदार आहे, ताई. ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. तू बेटावर गेलीस आणि फोन बंद झाला, तेव्हापासून तुझा आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत, मी एक ओळ लिहू शकलो नाही आणि हा तुझा नवरा एक घास गिळू शकला नाही. तेव्हा सभेत इतरांनी म्हटलेलं वाक्य मी पुन्हा म्हणतो, फक्त मी ते तपासून घेतलेलं आहे. तुझ्यावाचून आमचं अडतं. तू कुठेही जा. रस्ता चुकलीस, तर आम्ही येऊ. मेहुण्यांना बोट लागेल. तरी ते येतील. मी विचारून घेतलं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, ऐकून घेतल्याबद्दल आपले, आणि हे सगळं घडवून आणल्याबद्दल सत्कारमूर्तींचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाची मर्यादा ओलांडली असेल, कुणाचं गुपित फुटलं असेल, एखाद्या नियमाचा भंग उघड झाला असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजून पोटात घालावा. माझ्या ताईला निरोप द्या, पण जरा सावकाश द्या.

नमस्कार.